तिसऱ्या वळणावरचं पाणी

क्लिफ हॅम्बलटन दूध आणायला सुपरमार्केटात जायचा तेव्हा गाड्या लावायच्या पटांगणात एका ठिकाणी हमखास वळसा घालायचा. सामानाच्या ढकलगाड्या एकात एक अडकवून ठेवतात ना, ती जागा. सरळ गेलं तर दार वीस पावलांवर, पण हा गडी साठ पावलं चालणार. एकाहत्तर वर्षांचे गुडघे कुरकुरत, पाऊस असला तर टोपी भिजत, पण नाही म्हणजे नाही. गल्ल्यावरच्या मुलीने एकदा विचारलंच, "आजोबा, तिथं कुणी चावतं का हो तुम्हाला?"

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय," क्लिफ म्हणाला. थाप मारताना त्याची जीभ आता अडखळतही नसे. पस्तीस वर्षांचा सराव होता तिला.

ती जागा म्हणजे थॉर्बी टेरियर्स या मोटरसायकल-शर्यतींच्या संघाच्या ट्रॅकचं तिसरं वळण. मैदान पाडून तेरा वर्षं झाली होती, वर डांबर ओतून पांढरे पट्टे मारले होते. पण ज्याने निम्मं आयुष्य त्या ट्रॅकवर दाताळं ओढलंय त्याला डोळे बांधून सोडलं तरी आपण कुठं उभे आहोत ते कळतं. ट्रॅक राखणं हे त्याचं काम. लाल दगडाची चुरी पसरायची, ट्रॅक्टरने सारखी करायची, पाणी मारायचं, आणि दर शर्यतीनंतर चाकांनी बाहेर उडवलेली चुरी दाताळ्याने परत आत ओढायची. स्पीडवेच्या मोटरसायकलला गिअर एकच आणि ब्रेक मुळीच नाही. वळणावर मागचं चाक घसरवतच न्यायचं, ते किती घसरेल हे खालची चुरी ठरवणार. म्हणजे स्वाराचा जीव निम्मा त्याच्या मनगटात आणि निम्मा ट्रॅकवाल्याच्या हातात. थॉर्बीची पोरं हे हसत हसत बोलायची. "काय क्लिफ, आज आमचा जीव कुठं टांगलायस?" आणि हा म्हणायचा, "शेडमध्ये, खुंटीला. शर्यत झाली की घेऊन जा."

ते हसणं आठवलं की आता त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

गुरुवारी सकाळी मॉरीन ट्विग त्याच्या दारात आली. मॉरीन शाळेत भूगोल शिकवायची, पण गाव तिला ओळखायचं ते टेरियर्सचं चालतंबोलतं दप्तर म्हणून. आठव्या वर्षापासून ती बापाबरोबर दर बुधवारी मैदानावर यायची. गुडघ्यावर प्रोग्रॅमची पुस्तिका, कानामागे पेन्सिल. कोण पहिला आला, कोण पडला, किती सेकंद लागले, सगळं चौकटीत भरायचं. भरत सगळेच असत. थॉर्बीत हातात पेन्सिल नसलेला माणूस मैदानावर दिसला की तो परगावचा समजायचे. पण बाकीच्यांच्या पुस्तिका शेकोटीत गेल्या आणि मॉरीनच्या खोक्यात राहिल्या. त्या खोक्यांतून आता संघाचा इतिहास निघाला होता, एकोणपन्नास सालापासून शेवटचं कुलूप लागेपर्यंतचा, चांगला तीनशे पानांचा. रविवारी दुपारी क्लबात जुनी मंडळी जमणार होती, तिथं त्यातलं थोडं वाचायचं, आणि सोमवारी पुस्तक छापायला जायचं.

"अंकल क्लिफ, किटली ठेवा आणि चष्मा लावा," ती कोट काढता काढता म्हणाली. "पहिलं पान बघून रडला नाहीत तर नाव बदलीन."

पहिल्या पानावर फोटो होता. छत्तीस वर्षांचा क्लिफ, हातात दाताळं, मान खाली, धुळीने माखलेल्या गालांवर दोन ओघळ. मागे ॲम्ब्युलन्सचं उघडं दार. खाली मॉरीनने छापलं होतं: "डोळ्यांत पाणी, तरी हातात काम. क्लिफ हॅम्बलटन, तिसरं वळण, ऑगस्ट १९७६. हे पुस्तक त्यांना अर्पण."

क्लिफने ते पान पालथं घातलं.

"हे काढून टाक, मॉरीन."

"झालं! नव्या नवरीसारखे लाजताय काय?"

"लाजत नाही. मी त्या लायक नाही."

"नेव्ह अगदी हेच म्हणाला होता. क्लिफ आढेवेढे घेईल, ऐकू नकोस. अर्पण करायची कल्पनाच मुळात त्याची."

नेव्ह म्हणजे नेव्हिल स्प्रॉट. त्या फोटोतल्या ॲम्ब्युलन्समधून गेला तो. टेरियर्सचा सगळ्यात लाडका स्वार, तेव्हा सत्तावीस वर्षांचा. त्या संध्याकाळी तिसऱ्या वळणावर कुंपणाच्या फळ्यांवर आदळला आणि पुन्हा कधी पायांवर उभा राहिला नाही. अशा माणसाने अर्पण करायला सांगावं, आणि तेही कोणाला! क्लिफने चहात तीन चमचे साखर घातली, ढवळली, आणि आपण साखर घेतच नाही हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

मॉरीनने पिशवीतून एक पिवळी पडलेली पुस्तिका काढली. "एकच शंका आहे, तेवढी तुम्हीच फेडाल. ही त्याच संध्याकाळची. कपची फायनल, हॅडलीविरुद्ध. हॅडलीचा लेस्टर क्रो नेहमी बाहेरून जायचा, कुंपणाला जवळजवळ खांदा लावून, बरोबर? बारा शर्यती झाल्या, त्यातल्या चार त्याच्या, चारही बाहेरून. आणि शेवटची, तेरावी, त्यात हा बाबा पहिल्याच फेरीला आत आला. माझ्या वडिलांनी समासात लिहिलंय बघा: क्रो आतून? का?"

त्या तीन शब्दांकडे क्लिफ बघत राहिला. पस्तीस वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. एका पेन्सिलीने विचारून ठेवला होता, आणि तो बिचारा खोक्यात वाट बघत पडला होता.

बोल, त्याचं मन म्हणालं. आता बोल.

"दुष्काळ होता," तो म्हणाला. "ट्रॅक सुकून फुटला होता. बाहेर खड्डे पडले असणार."

"तसंच लिहिते मग." मॉरीनने लगेच टिपून घेतलं. "तुमच्याहून जास्त कोणाला ठाऊक असणार!" आणि तिने खोडरबर काढून बापाचं प्रश्नचिन्ह पुसायला घेतलं.

"अगं, ते राहू दे!" क्लिफ एकदम ओरडला.

"बरं बरं, राहू दे. वडिलांचं अक्षर, खरंच." ती हसली, त्याच्या गालाचा पापा घेतला आणि गेली. क्लिफ मात्र चहा निवेपर्यंत तिथंच बसून होता.

खड्डे म्हणे! खड्डे पडू देणारा ट्रॅकवाला नव्हता तो.

शहात्तरचा उन्हाळा थॉर्बीतली म्हातारी माणसं अजून विसरलेली नाहीत. महिनोन् महिने पावसाचा थेंब नाही. बागेत नळी लावली तर शेजारी तक्रार करत. ट्रॅकला पाणी कुठून आणणार? स्वार धुळीत दिसेनासे व्हायचे, पुढच्या रांगेतली माणसं घरी जाताना विटांच्या भट्टीतून आल्यासारखी लाल दिसायची. तेव्हा क्लबने लोकांना साकडं घातलं: येताना आपापलं आंघोळीचं पाणी घेऊन या. आणि लोकांनी आणलं हो! बादल्या, दुधाचे कॅन, बाळाचा टब, एका म्हातारीने तर चहाची किटली भरून आणली. बारा वर्षांची मॉरीन आणि तिचा बाप हातात बादली धरून दोन मैल चालत आले होते. दारापाशी क्लिफने सहा पिंपं मांडली होती, त्यात ते पाणी ओतायचं. सगळ्या मैदानाला साबणाचा वास. "आज थॉर्बीचा ट्रॅक गावातल्या सगळ्यांपेक्षा स्वच्छ आहे," असा विनोद नेव्हने केला होता.

कप टेरियर्सने कधीच जिंकला नव्हता. सत्तावीस वर्षांत एकदाही नाही. त्या संध्याकाळी बारा शर्यती झाल्या आणि सगळं शेवटच्या शर्यतीवर येऊन ठेपलं. नेव्हने लेस्टर क्रोला हरवलं तर कप थॉर्बीचा, नाही तर हॅडलीचा. मध्ये दहा मिनिटं होती. क्लिफ वळणावर चुरी ओढत होता तिथं नेव्ह हेल्मेट काखेत मारून आला.

"क्लिफ, बाहेरची बाजू आहे तशीच ठेव. त्याच्यासाठी काही करून ठेवू नकोस."

"मी कशाला काय करीन?"

"मी ओळखतो तुला लेका. त्याला बाहेरून येऊ दे, हवा तेवढा वेग घेऊ दे. मी आतल्या कडेची पांढरी रेघ धरतो आणि हरवतो. हरवला तर सरळ हरवू, नाहीतर जाऊ दे तो कप खड्ड्यात."

"बरं," क्लिफ म्हणाला.

बरं म्हणाला आणि वळला. पिंपं रिकामी झाली असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं, पण शेडमागे दोन शिल्लक होती. आता का केलं हे तुम्ही विचाराल. लबाड माणूस नव्हता तो. पण सत्तावीस वर्षांनी कप येणार, आणि तो नेव्हच्या मनगटाने येणार, फोटो नेव्हचा, मिरवणूक नेव्हची. आणि दर बुधवारी धूळ खाणाऱ्या या माणसाला एकदा, फक्त स्वतःशीच, म्हणायचं होतं की कप माझ्या दाताळ्याने आला. एवढंच. एवढ्यासाठीच.

ट्रॅक्टरवर पिंपं घालून तो तिसऱ्या वळणावर गेला, कुंपणाच्या कडेला दोन्ही ओतली, आणि वरून कोरडी चुरी दाताळ्याने भुरभुरली. मधल्या वेळात ट्रॅकवाल्याचा ट्रॅक्टर फिरतोच, कोणी लक्षही दिलं नाही. कोरड्यावर घसरत येणाऱ्या चाकाला अचानक ओलं लागलं की ते जमीन पकडतं, आणि वाहन वळायचं सोडून सरळ सुटतं. क्रो त्या जागेवर येईल, दचकेल, वेग सोडेल, दोन-चार हात मागे पडेल, आणि नेव्ह आतून पुढे जाईल. नेव्ह तर जन्मात कधी बाहेरून गेला नव्हता. त्याला सांगायची गरजच नव्हती. आणि सांगितलं असतं तर तो थेट पंचाकडे गेला असता, हेही क्लिफला पक्कं ठाऊक होतं. म्हणून नाही सांगितलं.

लेस्टर क्रो पहिल्याच फेरीला आत आला. जुनं खोड होतं ते, चुरीचा बदललेला रंग त्याला लांबून दिसला. त्याने नेव्हची पांढरी रेघ घेतली आणि सोडायलाच तयार होईना. एक फेरी, दोन, तीन. चौथ्या, म्हणजे शेवटच्या फेरीला नेव्हने आयुष्यात पहिल्यांदा बाहेरची वाट धरली. रंग त्यालाही दिसला असेल. पण ट्रॅक घरचा होता, क्लिफने राखलेला, आणि क्लिफ तर बरं म्हणाला होता.

मग फळ्या मोडल्याचा आवाज आला.

लोक धावले, डॉक्टर धावला, नेव्हची बायको जीन उंच टाचांचे बूट फेकून चुरीतून अनवाणी धावली. आणि क्लिफ? क्लिफ दाताळं घेऊन धावला. ॲम्ब्युलन्सचं दार लागायच्या आत त्याने कोरडी चुरी ओढून ओढून ती ओल झाकली. रडत होता, खरंच रडत होता. पण हात झाकत होते. तेवढ्यात कोणीतरी फोटो काढला. शर्यत नेव्हशिवाय पुन्हा झाली आणि कप हॅडलीला गेला.

तो फोटो आता पुस्तकाच्या पहिल्या पानावर.

शुक्रवारी संध्याकाळी क्लिफ नेव्हकडे गेला. पस्तीस वर्षं दर शुक्रवारी जायचा, कागदात गुंडाळलेले तळलेले मासे आणि बटाटे घेऊन. जीन होती तेव्हा तिघं जेवायची, ती गेल्यापासून दोघं. नेव्हची खुर्ची ढकलायची, त्याच्या बागेतलं गवत कापायचं, नळ गळला तर वायसर बदलायचा, सगळं क्लिफ. गाव म्हणायचं, भाऊसुद्धा करणार नाही एवढं करतो. ते ऐकलं की हा मान खाली घालायचा आणि गाव म्हणायचं, बघा, किती विनयशील.

आज सांगायचंच, असं ठरवून गेला होता.

"ये, बस, व्हिनेगर जास्त आणलंस ना? आणि हे ऐक," नेव्ह म्हणाला. मांडीवर लिहिलेले कागद होते. "रविवारचं भाषण. शेवट जमत नाहीये."

"नेव्ह, मला तुझ्याशी..."

"आधी ऐक तर! सुरुवात विनोदी केलीय. म्हणजे ते साबणाचं. तुला कधी सांगितलं का मी? पडलो तेव्हा तोंड चुरीत होतं, कंबर आहे की नाही ते कळत नव्हतं, आणि नाकात वास कसला, तर साबणाचा! लव्हेंडरच्या साबणाचा. जीनला सांगितलं तर ती म्हणाली, डोकं आपटलं म्हणून. डॉक्टर म्हणाले, होतं असं, मेंदूचा खेळ." तो हसला. "मरताना लोकांना देवदूत दिसतात म्हणे. मला आंघोळ आठवली."

क्लिफच्या हातातला बटाटा तसाच राहिला.

"आणि मग शेवटी माफी. संघाची, गावाची. हाव केली मी, क्लिफ. रेघ धरून राहिलो असतो तर शेवटच्या वळणावर क्रो चुकला असता कदाचित. नाहीतर निदान दुसरा आलो असतो. पण मला बाहेर जायची बुद्धी झाली. जीन शेवटपर्यंत हेच म्हणायची."

"माफी कसली मागतोस तू!"

"मागायलाच हवी. पुस्तकात जाणार आहे ते. लोकांना कळलं पाहिजे की ट्रॅकचा दोष नव्हता, स्वाराचा होता. तुझ्यावर कोणी बोट ठेवू नये." मग तो डोळे न उचलता म्हणाला, "तू नसतास ना, तर त्या पहिल्या वर्षातच मी गोळ्या खाऊन मोकळा झालो असतो."

आता सांगा, अशा माणसाला काय सांगायचं? क्लिफने मासा संपवला. कागद चुरगाळून डब्यात टाकला, ताटल्या धुतल्या, आणि घरी जाऊन अंगणातल्या पायरीवर बसून स्वतःला शिव्या घातल्या. शिव्या मनातल्या मनात घातल्या. मोठ्याने घालायचीही हिंमत नव्हती.

रविवारी दुपारी क्लबाच्या खोलीत साठ-सत्तर माणसं जमली. छातीवर टेरियर कुत्रा असलेली जुनी जाकिटं बाहेर निघाली होती, बटणं मात्र कुणाचीच लागत नव्हती. डुकराच्या मांसाचं सारण भरलेल्या गार पेस्ट्र्या, मुरवलेले कांदे, मोठ्या भांड्यात चहा. एकमेकांची पोटं आणि टकलं बघून हशा चालला होता. क्लिफला सगळ्यांनी पुढच्या रांगेत नेऊन बसवलं. भिंतीवर तो फोटो मोठा करून लावला होता. क्लिफने पाठ भिंतीकडे करायचा प्रयत्न केला, पण खुर्च्या सगळ्या त्याच दिशेला तोंड करून होत्या.

मॉरीनने चमचा कपावर वाजवला. नेव्हने खुर्ची स्वतःच पुढे घेतली, कागद उघडले. साबणाचा विनोद झाला, सगळे पोट धरून हसले. मॉरीनही हसली, पण मधेच तिचं हसू थांबलं आणि कपाळावर आठी आली. बादली वाहून आणलेली पोर होती ती.

"आता शेवटचं," नेव्ह म्हणाला, आणि त्याचा आवाज खाली आला. "त्या शर्यतीत मी हाव केली. तुमचा कप मी घालवला. पस्तीस वर्षं मनात होतं, एकदा सगळ्यांसमोर म्हणायचं होतं. थॉर्बी, मला..."

"नेव्ह, बस कर!" क्लिफ उभा राहिला होता. कधी उभा राहिला ते त्यालाही कळलं नाही.

"बसलेलाच आहे मी," नेव्ह म्हणाला. दोघे-तिघे हसले आणि गप्प झाले, कारण क्लिफचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तू नाही. मी. पाणी होतं तिथं." टोपी दोन्ही हातांनी पिळत तो जमिनीशीच बोलल्यासारखा बोलला. "दोन पिंपं होती शिल्लक. लोकांच्या आंघोळीचं. तू नको म्हणाला होतास, मी बरं म्हणालो, आणि जाऊन ओतलं. क्रोसाठी ओतलं. वरून कोरडं भुरभुरलं. तुला सांगितलं नाही कारण तू पंचाकडे गेला असतास. आणि तो फोटो... त्या फोटोत मी काम करत नाहीये. मी झाकतोय. तू ॲम्ब्युलन्समध्ये होतास आणि मी झाकत होतो."



मागून कोणीतरी, जुना स्वारच असावा, दबक्या आवाजात म्हणाला, "हरामखोरा." दुसरा म्हणाला, "बाहेर काढा त्याला." खुर्च्या सरकल्या.

"कोणी काही बोलायचं नाही," नेव्ह म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, पण खुर्च्या थांबल्या. तो क्लिफकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे साबण होता."

"हो."

"खराच होता."

"हो, नेव्ह."

"आणि मी वेड्यासारखा लोकांना हसवत फिरलो." त्याने हातातल्या कागदांची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली. "जीनला ठाऊक होतं?"

"नाही. कोणालाच नाही."

"एकतीस वर्षं, क्लिफ. एकतीस वर्षं भांडण कशावरूनही होऊ दे, सूप खारट झालं म्हणून होऊ दे, ती शेवटी एकाच ठिकाणी यायची. तुझी हाव, नेव्ह. माझं तरुणपण तुझ्या हावेने खाल्लं. आणि मी मान खाली घालायचो, कारण मला वाटायचं खरंच आहे तिचं. तू समोर बसून मासे खात असायचास. ऐकत असायचास."

क्लिफ ऐकत असायचाच. व्हिनेगर पुढे सरकवायचा आणि ऐकायचा. लाज वाटते असं म्हणायलाही त्याला लाज वाटली.

मॉरीन भिंतीजवळ गेली आणि फोटो उतरवायला हात वर केला.

"राहू दे तो," नेव्ह म्हणाला. "पुस्तकातही राहू दे. खालचं वाक्य तेवढं बदल. तुझ्या वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं ना, ते लिही." मग क्लिफकडे वळून, रोजच्या आवाजात: "कोट घाल. चल."

"कुठं?"

"ढकल तर."

क्लिफने खुर्चीच्या मुठी धरल्या. त्या मुठींवरचं रबर त्याच्याच तळव्यांनी झिजलं होतं. माणसं दोन्ही बाजूंना सरली, कोणी त्याच्या डोळ्यांत बघितलं नाही. बाहेर दुपारचं फिकं ऊन होतं. चौकात आल्यावर घराकडे वळायचं म्हणून त्याने खुर्ची डावीकडे घेतली.

"उजवीकडे," नेव्ह म्हणाला.

उजवीकडे चर्चचा चढ. क्लिफचे गुडघे बोंबलत होते, दर दहा पावलांवर धाप लागत होती. दुसऱ्या कुठल्याही दिवशी नेव्ह म्हणाला असता, थांब रे म्हाताऱ्या, दम घे. आज काही बोलला नाही. क्लिफही थांबला नाही. वर पोहोचले तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

जीनची कबर भिंतीलगत होती. कडेचं गवत क्लिफनेच गेल्या शुक्रवारी कापलेलं. शेजारी एक बाई फुलदाणीतलं पाणी बदलत होती. नेव्हने चाकं स्वतःच आवळून खुर्ची थांबवली.

"मला सांगितलंस," तो म्हणाला. "माझं मी बघेन काय करायचं ते. आज नाही सांगता येत. कदाचित कधीच नाही सांगता येणार. पण ती गेली ती मला दोष देत गेली. तिला सांग."

क्लिफने टोपी काढली. दगडावरचं नाव वाचलं. "जीन," तो पुटपुटला, "ते पाणी मी ओतलं होतं. नेव्हची काही चूक नव्हती."

नेव्हने मान हलवली.

"मोठ्याने," तो म्हणाला. "तिचे कान त्या इंजिनांनी घालवले होते, विसरलास का?"

फुलदाणी घेतलेल्या बाईने वळून पाहिलं. क्लिफने टोपी छातीशी घट्ट धरली आणि पहिल्यापासून सुरुवात केली, ओरडून.